‘रामा म्हार’ नेमका कोणता, हे आम्हीच का सिद्ध करायचे?

माझ्या पुतणीच्या जात पडताळणीच्या प्रकरणात त्रुटी निघाली. पत्र दीड पानाचे होते, पण त्यातली कामाची ओळ एकच. जोडलेल्या जुन्या जन्मनोंदीतील ‘रामा’ ही व्यक्ती म्हणजेच अर्जदाराचे खापरपणजोबा, हे सिद्ध होत नाही. नोंदीत आडनाव नमूद नाही. खुलासा करावा.

‘आडनाव नमूद नाही’ हे वाचून आधी हसू आले, मग डोके फिरले. ते आडनाव नमूद कोणी करायचे होते? रामाने? रामाला अक्षर येत नव्हते आणि चावडीच्या पायरीवर चढायची त्याला मुभा नव्हती. लिहिणारा वर बसला होता. वर बसलेल्याने जे लिहिले नाही, त्याचा खुलासा शंभर वर्षांनी खाली उभ्या असलेल्याच्या पणतीने, खापरपणतीने द्यायचा, असा हा न्याय आहे.

मित्रांनो, ही रडकथा म्हणून सांगत नाही. यात एक भांडण आहे आणि ते आपण नीट भांडत नाही, म्हणून लिहितो आहे.

पारनेर म्हटले की बाहेरच्या लोकांना सेनापती बापट आठवतात आणि राळेगणसिद्धी आठवते. सेनापतींचा जन्म पारनेरचा, १२ नोव्हेंबर १८८०. तारीख आहे, घराणे आहे, सगळे कागदावर आहे. आमचा रामा त्याच्याच पाचसात वर्षे पुढेमागे, त्याच तालुक्यात जन्मला असणार. ‘असणार’ एवढेच मी म्हणू शकतो. त्याच्या जन्माचा कागद नाही. तो पहिल्यांदा कागदावर येतो तो बाप म्हणून.

गावचे जन्ममृत्यूचे जुने रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, महसुली भाषेत गाव नमुना १४, त्याची पाने मी स्वतः उलटली आहेत. मोडी वाचायला एक निवृत्त गुरुजी सोबत होते. गावातल्या मोठ्या घरांत मूल झाले की नाव, बापाचे नाव, आडनाव अशी ओळ भरलेली दिसते. त्याच पानावर खाली आमची ओळ येते: ‘रामा भिवा म्हार, मुलगा’. मुलाचे नाव नाही. आईचे नाव नाही. आडनावाच्या जागी जात. आता कोणी म्हणेल, तुम्हाला आडनावेच नव्हती. होती. सोयरीक जुळवताना आडनाव पहिले विचारले जायचे, कुळी बघितली जायची. ते आडनाव वाड्यात सगळ्यांना माहीत होते, दप्तराला मात्र त्याची गरज नव्हती. दप्तराला राबणारा माणूस हवा होता आणि त्यासाठी ‘रामा म्हार’ एवढे पुरे होते.

यातली क्रूर गंमत पाहा. गावात कोणी मेले तर परगावी सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन कोण पळायचे? आमचाच माणूस. सरकारी सारा ठाण्यावर कोणासोबत जायचा? आमच्याच माणसासोबत. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला तर शीव कुठून जाते हे कोण दाखवायचे? महार. जुन्या निवाड्यांत महाराची साक्ष घेतलेली आहे, तो ज्या वाटेने चालला ती शीव मानलेली आहे. म्हणजे दोन गावांच्या जमिनी त्याच्या शब्दावर ठरायच्या. आणि त्याचीच खापरपणती ‘हा माझा खापरपणजा’ म्हणते तेव्हा तिच्या शब्दाला किंमत नाही.

आता मूळ अडचण. आमच्या वाड्याच्या नोंदी १९१० ते १९४० या काळापुरत्या काढल्या तर चार ‘रामा’ निघाले. त्यात दोघांच्या बापाचे नाव ‘भिवा’. योगायोग अजिबात नाही. आजा मेला की नातवाला आज्याचे नाव ठेवायचे, ही रीत सगळ्या महाराष्ट्रात आहे. त्यामुळे घरात रामाचा भिवा, भिवाचा रामा, पुन्हा रामाचा भिवा अशी दोनच नावे आलटून पालटून चालतात. दोन सख्ख्या भावांच्या घरांत एकाच आज्याचे नाव दोन नातवंडांना पडले की चुलतभाऊ एकाच नावाचे होतात. घरात थोरला रामा, धाकटा रामा म्हणायचे. दप्तरात थोरला-धाकटा कोण लिहितो?

(बाबासाहेबांचे शाळेतले नावही भिवा रामजीच. हे नाव तेव्हा किती घरांत असेल, विचार करा.)

आम्ही हे कसे सोडवले, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल. पहिले दोन महिने आम्ही चूक केली. नावाच्या मागे लागलो. जिथे ‘रामा’ दिसेल त्या पानाची नक्कल काढत सुटलो आणि घरात कागदांचा ढीग झाला. गुरुजी म्हणाले, नाव सोडा, जमीन धरा. माणसे मरतात, नावे बदलतात, जमीन जागेवर असते. मग वतनाच्या तुकड्याचा सर्व्हे नंबर शोधला. एकत्रीकरणात त्याचा गट नंबर झाला होता; जुन्याचा नवा नंबर कोणता हे ९(३), ९(४) च्या उताऱ्यावरून कळते. तिथून मागे मागे फेरफार वाचत गेलो. १९३८ चा वारस फेरफार सापडला. ‘रामा भिवा मयत’, वारस म्हणून मुलगा भिवा, वय १७, अज्ञान, पालनकर्ती आई. आईचे नाव तिथे पहिल्यांदा दिसले आणि ते माझ्या वडिलांनी लहानपणापासून सांगितलेल्या आजीचेच नाव होते. १९३८ मधून १७ वजा करा. १९२१. आणि ‘रामा भिवा म्हार, मुलगा’ ही बिननावाची जन्मनोंद १९२१ चीच.

तरी दुसरा रामा भिवा उरतोच ना? समितीचा मुद्दाही तोच. मुलगा त्या दुसऱ्याचा नसेल कशावरून? त्याचे उत्तर मृत्यूच्या पानावर मिळाले. १९१८ च्या ऑक्टोबरात, मानमोडीच्या साथीत, आमच्या वाड्यात एकामागून एक ओळी आहेत. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. त्यात एक ओळ: ‘रामा भिवा म्हार’. म्हणजे दोघांतला एक १९१८ लाच गेला. जो १९२१ ला बाप झाला आणि १९३८ ला वारस सोडून मेला, तो उरलेला एकच.

असा एका मेलेल्या रामाने दुसऱ्या रामाचा नातेसंबंध शाबीत केला. दाखला मिळाला. पण तोवर आठ महिने गेले होते, पोरीची राखीव जागा गेली होती आणि पहिल्या वर्षाची फी खुल्या प्रवर्गातून भरली होती. माझा भाऊ सुप्याच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. ती फी त्याने कशी उभी केली ते इथे लिहीत नाही.

आता भांडण.

आपल्याला सांगतात की बोगस लोक घुसतात म्हणून पडताळणी कडक हवी. बरोबर आहे. बोगसांनी आपल्याच जागा खाल्ल्या आहेत, त्यांना पकडायलाच हवे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात समित्यांची पद्धत घालून दिली ती त्यासाठीच, आणि मी त्या पद्धतीच्या विरोधात नाही. पण महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ वाचा. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात, म्हणजे त्याआधीचा पुरावा आणा. आता त्याआधीचा पुरावा आहे कुठे? माझ्या घरच्या पत्र्याच्या पेटीत? तो तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे. भूमी अभिलेखच्या कपाटात आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. म्हणजे पुरावा ज्याच्या ताब्यात आहे तोच विचारतो, पुरावा कुठे आहे? नकलेचा अर्ज करा, ‘जीर्ण आहे, मिळत नाही’ असा शेरा येतो. तो शेरा घेऊन समितीपुढे जा, ‘पुरावा सादर केला नाही’ असा शेरा येतो. दोन्ही शेरे एकाच सरकारचे.

बोगस माणसाचा कागद बहुधा स्वच्छ असतो, हेही लक्षात घ्या. त्याने तो करून घेतलेला असतो. नाव, आडनाव, जात सगळे एका रांगेत. खऱ्या माणसाचा कागद असाच असतो: आडनाव नाही, मुलाचे नाव नाही, शाई पसरलेली, कोपरा कसरीने खाल्लेला. जी तपासणी स्वच्छ कागदाला पास करते आणि फाटक्याला अडवते, ती बोगसांना सोयीची तपासणी आहे.

आणि आडनाव जुळण्याचा हट्ट धरायचा तर बाबासाहेबांपासून सुरुवात करा. आजोबा मालोजी सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव लागले ते आंबेडकर. आज आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, त्याच शाळेच्या रजिस्टरची छायाचित्रे फिरवतो. आजच्या एखाद्या लिपिकाच्या टेबलावर ते प्रकरण आले असते तर ‘सकपाळ व आंबेडकर या आडनावांत तफावत, खुलासा करावा’ असे पत्र गेले असते. आपल्या कितीतरी घरांनी गावाच्या नावाची आडनावे घेतली, कितींनी मुंबईत गिरणीत भरती होताना मुकादमाने लिहिले तेच पुढे चालवले, १९५६ नंतर कितींनी जुने टाकून नवे घेतले. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले म्हणून १९९० पर्यंत केंद्राच्या सवलती बंद होत्या. राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती व्हायला तेवढी वर्षे लागली. आपल्या कागदांत जी तफावत आहे ती आपल्या लढ्याचीच खूण आहे.

सरकारला हे शोधता येत नाही का? येते. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. काही महिन्यांत राज्यभरची दप्तरे उघडली. कोतवाल बुके, प्रवेश निर्गम रजिस्टरे, खासरा, पाहणी पत्रके, सगळे. मोडी वाचणारे शोधून आणले. ५४ लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारनेच जाहीर केले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय पाने स्कॅन करून टाकली. मराठा समाजातल्या गरीब शेतकऱ्याला त्याच्या पणज्याची नोंद घरबसल्या मिळाली, याबद्दल मला तक्रार नाही. नोंद ही ज्याची त्याची आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या पानावर ‘कु.’ असे अक्षर सापडले म्हणून ते पान स्कॅन झाले, त्याच पानावर वरखाली ‘म्हार’, ‘मांग’, ‘चांभार’, ‘रामोशी’ अशा ओळी आहेत. पान तेच, शाई तीच, स्कॅनरही तोच. मग आमच्या ओळीची सूची का झाली नाही? जीर्ण झालेली दप्तरे त्या काही महिन्यांत कशी मिळाली आणि आमच्या अर्जाच्या वेळी पुन्हा कशी जीर्ण झाली?

म्हणून मागणी साधी आहे. तालुक्यातल्या प्रत्येक गावाची १९५० पूर्वीची जन्ममृत्यू रजिस्टरे आणि शाळेची जनरल रजिस्टरे पूर्ण स्कॅन करा, सगळ्या जातींच्या ओळींसकट. नावाची नव्हे, गाव आणि साल यांची सूची करा, कारण नावाने शोधले तर चार रामा निघणारच. आणि नोंदीत आडनाव नाही एवढ्याच कारणावरून अनुसूचित जातीच्या अर्जदाराला त्रुटी काढू नका. पान तुमच्या ताब्यात आहे, संशय असेल तर दुसरा रामा तुम्ही दाखवा.

रक्ताच्या नात्यातल्या एकाची वैधता झाली असेल तर सबळ कारणाशिवाय दुसऱ्याची अडवू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटले आहे. तरी चुलतभावाची वैधता जोडूनही पोरांना पुन्हा पहिल्यापासून फिरवतात. हा निकाल प्रत्येक वस्तीत माहीत हवा. आपल्याकडे जयंतीच्या डीजेचा दर सगळ्यांना पाठ असतो.

आता घरातले बोलतो. राग येईल, येऊ द्या.

पडताळणीच्या कचेऱ्यांबाहेर एजंट बसतात आणि त्यातले काही आपलेच आहेत. ते ‘जुळणारा रामा’ आणून देतात. शेजारच्या गावचा, दुसऱ्या कुळीचा, कोणाचाही. पोराचे काम होते, बाप हात जोडतो. पण दक्षता पथकाने ते उकरले की त्या पोराचा दाखला रद्द होतो, नोकरी जाते, गुन्हा दाखल होतो आणि वर त्याचा खरा रामा कायमचा हरवतो, कारण सरकारी कागदावर आता दुसराच बाप चिकटलेला असतो. पुढे त्याच्या भावंडांनाही तोच खोटा वंश चालवावा लागतो.

हीच सवय इतिहासातही शिरली आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ शेवट असलेली आपल्या वीरांची २२ नावे अभ्यासकांनी मोजली आहेत. त्यांत रामनाक, गणनाक, बालनाक ही नावे पुन्हा पुन्हा येतात. गाव लिहिलेले नाही, आडनाव नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ती पलटण शिरूरहून निघाली. शिरूर म्हणजे आमची घोडनदी, नदी ओलांडली की पारनेरची माणसे बाजाराला जातात तेच. त्यामुळे आमच्या भागातला कोणी त्या पलटणीत असणे अगदी शक्य आहे. पण शक्य आहे आणि आहे यात फरक आहे. गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या ओळखीतल्या तीन घरांनी ‘स्तंभावरचा रामनाक आमचाच पूर्वज’ म्हणून बॅनर लावले. आधार काय, तर घरात रामा नावाचा पूर्वज होता. अरे, कोणाच्या घरात नव्हता?

सिदनाकाचे तेच. शाहू महाराजांच्या काळातला एक सिदनाक सांगतात, ज्याला कळंबी गाव इनाम मिळाले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईतला सिदनाक हा त्याचा त्याच नावाचा नातू, असे सांगतात. खर्डा आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. आणि बॅनरवरचा कोरेगावचा सेनानी सिदनाक तिसरा. हे एक, दोन की तीन? फक्त नाव एक म्हणून तिघांना एकाच चित्रात उभे करून फोटोला फेटा बांधला की झाले. उद्या कोणी विरोधक उठून ‘कागद दाखवा’ म्हणाला की आपली पोरे शिव्या देतात. त्या वीरांचे शौर्य खरे आहे, दगडावर कोरलेले आहे. त्याला आपल्या घराचे खोटे शेपूट जोडायची गरज नाही. समितीने आपल्या रामाबाबत पुरावा मागितला तर आपण चिडतो, मग स्तंभावरच्या रामनाकाला घरी आणताना आपणही तोच पुरावा मागायला हवा.

बाबासाहेबांनी कागदाशिवाय एक वाक्य लिहिले नाही. महार वतनाच्या प्रश्नावर १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणताना त्यांनी १८७४ च्या वतन कायद्याचे कलम न् कलम सोलले होते. १६ डिसेंबर १९३९ ला आपल्या जिल्ह्यात, हरेगावला, महार-मांग-वेठिया वतनदारांची परिषद झाली, त्यात ते जुडी वाढवण्याविरुद्ध बोलले. जुडीचे आकडे माहीत असल्याशिवाय ते बोलता येत नाही.

आणि वतनाचे नाव निघालेच आहे तर तेही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली, जमिनी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरून मूळ वतनदारांना फेरवाटप व्हायच्या होत्या. कितींनी भरली? कितींना कळलेच नाही? जुन्या उताऱ्यावर बघा, ‘रामा भिवा महार व इतर’ असते, नाहीतर नुसते ‘समस्त महार’. त्या ‘व इतर’मध्ये किती घरांची भाकरी अडकली आहे! २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा टीव्हीवर सगळे बोलले, पण मूळ वतनदारांचे वारस कोण, त्यांची नावे कशी लागली, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. जमिनीला भाव आला की रामाचे वारस शोधत बिल्डरची माणसे वस्तीत येतात, मुखत्यारपत्रावर अंगठे घेतात. बिल्डरला रामा बरोबर सापडतो. त्याला आडनावाची तफावत आडवी येत नाही. तो एजंट नावावरून शोधत नाही, गट नंबरवरून शोधतो. हे आपल्याला आठ महिन्यांनी कळले.

तेव्हा पारनेर, श्रीगोंदा, शिरूरकडच्या ज्या तरुणांना हे काम करायचे आहे त्यांनी आधी आपापल्या वस्तीतल्या सत्तरीपुढच्या बायांकडे बसावे. पुरुष आडनाव आणि मोठेपणा सांगतात, बाया माहेर सांगतात. ‘थोरल्या रामाची बायको अमक्या गावची, धाकट्याची तमक्या’ हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नसते आणि दोन रामांना वेगळे करायला तेवढे पुरते. ते लिहून घ्या, तारखेसकट, मोबाइलवर आवाजही ठेवा. मग वतनाचा गट नंबर काढा. फेरफार मागे वाचत जा. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. एवढी अक्षरे ओळखू लागलात की निम्मे काम होते. मृत्यूची पाने वगळू नका. मोडी दोन-तीन महिन्यांत वाचता येते, मी पन्नाशीला शिकतो आहे.

एक काम माझ्याकडे उरले आहे. १९१८ ला तापाने गेलेल्या त्या दुसऱ्या रामा भिवाची नक्कलही मी काढून घेतली. वस्तीतल्या एका म्हातारीच्या सांगण्यानुसार त्याची विधवा दोन पोरे घेऊन मुंबईला भायखळ्याकडे गेली, पुढे कळले नाही. त्यांच्या घरातल्या कोणा पोरीलाही आज ‘आडनाव नमूद नाही’ असे पत्र आले असेल. नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कपाटात ठेवली आहे. ज्यांची असेल त्यांनी वारस फेरफाराचे साल सांगून घेऊन जावी.

जय भीम.